नवा सर्व्हर नको, आधी इंडेक्स बघू

मुंबईत औषधांचा घाऊक बाजार म्हटला की प्रिन्सेस स्ट्रीट. पाटीवर शामलदास गांधी मार्ग लिहिलंय, पण पत्ता सांगताना ते नाव कोणाच्या तोंडी येत नाही. आमचे बहुतेक ग्राहक तिथले आणि काळबादेवीच्या आतल्या गल्ल्यांतले स्टॉकिस्ट. त्यांचं बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर आम्ही लोअर परळच्या एका गाळ्यातून करतो. मी, माझा मावसभाऊ आणि हाताशी मोजकी मुलं. डेटाबेस पहिल्यापासून पोस्टग्रेस, तो फुकट मिळतो म्हणून, कारण लायसन्सचे पैसे मागितले असते तर निम्मे ग्राहक दारातूनच परत गेले असते.

सुरुवातीला सगळं पळायचं, कारण डेटाच थोडा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि बिलं, एचएसएन कोड (करासाठी मालाचं वर्गीकरण करणारे आकडे), क्रेडिट नोटा यांचा ढीग वाढत गेला. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरायची मुदत ११ तारीख. त्याच्या आदल्या दोन दिवसांत अकाउंटंट रिपोर्ट काढायला बसला की काउंटरवरचं बिल अडायचं. एका शेठचा फोन आला: "भाऊ, केमिस्टचा माणूस समोर उभा आहे, आणि तुमचं चक्र फिरतंच आहे." नव्या सर्व्हरचं कोटेशन त्यांच्या टेबलावर येऊन पडलं होतं. आम्ही म्हटलं, शेठ, थोडं थांबा, आधी आम्हाला काउंटरवर बसू द्या.

काउंटरवर बसल्याशिवाय हे कळत नाही. तिथला मुलगा औषधाचं नाव पहिल्या अक्षरापासून टाईप करतच नाही. मागितलेला ब्रँड संपलेला असतो, म्हणून तो त्याच घटकांचं दुसरं औषध शोधतो. घटकांच्या रकान्यात 'अमॉक्सिसिलिन + क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड' असं लिहिलेलं, आणि हा टाईप करतो फक्त 'सी-एल-ए-व्ही'. इंडेक्स म्हणजे टेबलातली ओळ पटकन सापडावी म्हणून डेटाबेसने वेगळी ठेवलेली सूची, पुस्तकामागच्या सूचीसारखी. नेहमीचा बी-ट्री इंडेक्स क्रमाने लावलेला असतो. रकान्यातल्या मजकुराची सुरुवात कळली तर लगेच सापडतं, मधला तुकडा दिला तर तो बसून राहतो आणि पूर्ण टेबल वाचावं लागतं.

त्यावर आम्ही ट्रायग्रामचा जिन इंडेक्स लावला. तो मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून ठेवतो. 'सी-एल-ए-व्ही' चे दोन तुकडे होतात, 'सी-एल-ए' आणि 'एल-ए-व्ही'. हे दोन्ही ज्या ओळींत आहेत तेवढ्याच उचलायच्या आणि मूळ मजकुराशी ताडून बघायच्या. दोनच अक्षरं टाईप केली तर मात्र तुकडाच पडत नाही आणि इंडेक्सचा उपयोग शून्य. म्हणून पहिल्या दोन अक्षरांपर्यंत शोध नावाच्या सुरुवातीवरून, तिसऱ्यापासून ट्रायग्रामवर. काउंटरवरच्या मुलाला यातलं काही माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही.

दुसरी अडचण बॅचची. स्टॉकिस्टच्या टेबलात आजवर आलेली प्रत्येक बॅच नोंदलेली असते, पण विकायला शिल्लक असतात त्यातल्या थोड्याच. बिल करताना ज्याची एक्स्पायरी आधी, ती बॅच आधी द्यायची. तेव्हा उत्पादन आणि एक्स्पायरी यांच्यावर आंशिक इंडेक्स केला, अट एकच: शिल्लक शून्यापेक्षा जास्त. संपलेल्या बॅचेस इंडेक्समध्ये येतच नाहीत. यात मेख अशी की क्वेरीतही, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातही, तीच अट स्पष्ट लिहावी लागते. शून्याच्या जागी बाहेरून येणारा पॅरामीटर ठेवला तर हा इंडेक्स चालेल याची खात्री प्लॅनरला, म्हणजे शोधाची वाट ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाला, देता येत नाही, आणि तो पुन्हा जुन्या वाटेने जातो. शिवाय दर बिलाला शिल्लक बदलते, म्हणजे इंडेक्सलाही धक्का लागतो. तो खर्च आम्ही समजून-उमजून पत्करला, कारण गिऱ्हाईक उभं राहतं ते शोधताना.

अकाउंटंटच्या रिपोर्टचं दुखणं त्या मानाने स्वस्तात बरं झालं. बिलांच्या ओळी तारखेच्या ओघानेच टेबलात पडतात. अशा ठिकाणी ब्रिन इंडेक्स शोभतो. पोस्टग्रेसच्या ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, तो आहे. गोदामातल्या खोक्यांवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी पट्टी लावावी, तसा तो टेबलाच्या १२८ पानांच्या (डेटाबेस डेटा अशा ठरावीक आकाराच्या पानांत साठवतो) गठ्ठ्यामागे फक्त सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी तारीख लिहून ठेवतो. पान ८ केबीचं, म्हणजे १ एमबी डेटामागे एक छोटी नोंद. इंडेक्स इतका लहान की बॅकअपमध्ये जाणवतही नाही. नव्या ग्राहकाचा जुना डेटा आत घेताना मात्र तो तारखेच्या क्रमानेच भरावा लागतो. तारखा विस्कटल्या की प्रत्येक खोक्यात सगळी वर्षं, मग पट्टी वाचून काय करणार?

शेठनी सर्व्हर घेतला नाही. ते ही गोष्ट बाजारात सांगत सुटले, आणि आम्हाला कामं येऊ लागली ती नव्या सॉफ्टवेअरची कमी, दुसऱ्यांच्या संथ सिस्टिम बघायची जास्त. आता तो आमचा वेगळा धंदाच झाला आहे आणि, खरं सांगायचं तर, सॉफ्टवेअर विकण्यापेक्षा बरा.

या कामात लावण्यापेक्षा काढण्याचे इंडेक्सच अधिक भेटतात. आधीच्या कोणीतरी दिसेल त्या रकान्यावर एकेक ठोकलेला असतो, आणि प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तो सांभाळावा लागतो. कोणता इंडेक्स किती वेळा वापरला गेला याचा आकडा पोस्टग्रेस स्वतःच ठेवतं. शून्यावर असलेले आम्ही बाजूला काढतो, पण त्यातले युनिक इंडेक्स सोडून. ते वाचले गेले नाहीत तरी एकाच नंबरची दोन बिलं होऊ देत नाहीत. आणि शून्य दिसलं म्हणून त्याच आठवड्यात काढायचं नाही. मार्चअखेर जाऊ द्यायची, कारण काही रिपोर्ट वर्षातून एकदाच निघतात.

नवा इंडेक्स चालू दुकानात बांधायचा तर आज्ञेत 'कॉन्करंटली' (चालू काम न अडवता) हा शब्द लावूनच, नाहीतर तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलात एकही बिल पडत नाही. तो मध्येच फसला तर निकामी इंडेक्स मागे राहतो, तो आधी पुसायचा आणि मग पुन्हा बांधायचा. म्हणून आमची मुलं अशी कामं शक्यतो रविवारी धरतात. शेठ लोक घरी असतात, लोकलला गर्दी कमी असते आणि मरीन लाइन्सला उतरून शांतपणे चालत जाता येतं.