एचपीचं खूळ उतरलं

घरामागच्या जागेसाठी छोटा ट्रॅक्टर बघायला निघालो तेव्हा डोक्यात एकच होतं, एचपी (हॉर्सपॉवर, म्हणजे ताकद) किती? तीन-चार चालवून पाहिले आणि प्रश्नच बदलला. इंजिनाचा एचपी वेगळा, पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला मिळतो तो वेगळा, आणि कमीच. माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर फिरतो तो या दुसऱ्याच्या जोरावर. फोर व्हील ड्राइव्ह मात्र हवाच. ओल्या उतारावर टू व्हीलवाला जागच्या जागी चाक फिरवत बसला. (मी वर बसून घामाघूम!) पुढचा लोडर (माती उचलायचं खोरं) भरून उचलला की मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागे वजन लावायचं, हेही आजच कळलं. उलटलाच तर वाचवणारी लोखंडी कमान आणि सीटबेल्ट, यात तडजोड नाही. एवढं सगळं ठरवून घरी आलो, फाटक मोजलं. ट्रॅक्टर चार बोटं जास्त रुंद!