अर्पणाची थैली कुणी मोजायची?

रविवारची उपासना संपून आशीर्वाद झाला, लोक अंगणात बोलत उभे राहिले, आणि खजिनदार थैली उचलून घरी घेऊन गेले. रात्री मोजू, उद्या बँकेत भरू. पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांत वर्षानुवर्षं असंच चालतं. खजिनदार बहुधा सज्जन असतात, म्हणून कुणी काही विचारत नाही. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "आपल्या माणसावर विश्वास नाही का?"

या प्रश्नाचं उत्तर पौलाने स्वतःच्या वागण्यातून दिलं आहे. मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांसाठी, वर्गणी गोळा केली. पौल प्रेषित होता, "माझ्यावर विश्वास ठेवा" असं म्हणून मोकळा झाला असता. पण त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी एक बंधू पाठवला, आणि तोही मंडळ्यांनी निवडून दिलेला. कारणही लिहून ठेवलं (२ करिंथ ८:२०-२१): एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. प्रभूपुढे जे योग्य तेच माणसांपुढेही योग्य दिसावं, याची त्याला काळजी होती. यातलं "माणसांपुढेही" आपण फार सहज गाळतो.

याविरुद्ध २ राजे १२:१५ दाखवलं जातं: मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा ज्यांच्या हाती दिला त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ते प्रामाणिकपणे वागत. वचन खरंच आहे, पण त्याच्या आधीचं वाचावं. योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी दुरुस्ती केलीच नव्हती, म्हणून यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसा मोजत, थैल्यांत बांधत आणि मगच कामावरच्या लोकांकडे देत. म्हणजे विश्वास होता, पण तो मोजणीनंतर. पाप विश्वासणाऱ्यालाही गाठतं असं आपण शिकवतो, तर त्याला पैशाबरोबर एकटं सोडणं ही प्रीती नव्हे. पैसे कमी भरले तर एकट्याने मोजणाऱ्याजवळ स्वतःच्या निर्दोषपणाचा काही पुरावाही उरत नाही.

आता प्रत्यक्ष काम. मोजणी उपासनेनंतर लगेच, मंदिरातच (म्हणजे चर्चमध्येच). दोन माणसं, एकाच घरातली नसलेली, आणि जोडी दर महिन्याला बदललेली. पाळकांनी (पाद्रींनी) मोजू नये, खजिनदारांनी एकट्याने तर नाहीच. कागदावर पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती असं उतरत नाण्यांपर्यंत यावं. चेक वेगळे लिहावेत. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग), उपकारस्तुतीचं अर्पण आणि साधं अर्पण यांचे रकाने वेगळे ठेवावेत. दोघांच्या सह्या, कागदाच्या दोन प्रती, एक सेक्रेटरीकडे. रविवारी बँक बंद, म्हणून थैली चिकटपट्टीने बंद करून पट्टीवरूनच दोघांनी सह्या कराव्यात आणि ती मंदिराच्या कपाटात ठेवावी. महिन्याअखेर तिसऱ्या माणसाने हे कागद पासबुकाशी ताडून पाहावेत.

सगळ्यात जास्त घोळ चोरीने होत नाही. तो "फुलवाल्याचे चारशे यातूनच देऊन टाका" म्हटल्याने होतो. त्या क्षणी कागदावरची रक्कम आणि बँकेत भरलेली रक्कम वेगळी होते, पावती हरवते, आणि सहा महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही. थैलीतून एक रुपयाही खर्च करायचा नाही. चहा, फुलं, रिक्षा यांसाठी दोन-तीन हजारांची हातशिल्लक वेगळी ठेवावी आणि पावत्या दाखवल्या की तेवढीच भरून काढावी.

क्यूआर कोडचंही तेच. पाळकांच्या वा खजिनदारांच्या खासगी खात्याचा कोड भिंतीवर लावू नये. मंडळीचं अर्पण त्यांच्या बचत खात्यात मिसळलं की वेगळं काढून दाखवणं त्यांनाच जड जातं. सुगीच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावात बोली लागली की तिथल्या तिथे वहीत नाव, वस्तू, रक्कम आणि रोख की उधार हे लिहावं. उधारी वसूल होईपर्यंत ती जमा धरू नये.

परदेशातल्या नातलगांच्या अर्पणाबाबत सावध राहावं. भारतीय नागरिक असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेलं चालतं. पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांचा पैसा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी विदेशी योगदान ठरतो. त्यासाठी एफसीआरए या विदेशी योगदानाच्या कायद्याखालची परवानगी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. भावाने प्रेमाने पाठवलं, एवढं कारण कायद्याला पुरत नाही.

कुणी किती दिलं हे भर उपासनेत वाचून दाखवण्याची प्रथा मला शास्त्राविरुद्ध वाटते. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलं (मत्तय ६:३), आणि याकोबाने आपल्या पत्रात सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा देणाऱ्यांना खडसावलं. पाळकांनाही नावनिशीवार रकमा कळू नयेत. कळल्या की आजाऱ्याला भेटायला जातानाही त्या डोक्यात राहतात. एकूण जमा मात्र दर महिन्याला फलकावर लावावी.

गरीब निधीत हिशेब दाखवायचा असतो आणि घेणाऱ्याची लाजही राखायची असते. मंडळीपुढच्या हिशेबात नाव न लिहिता क्रमांक लिहावा: "क्र. ७, औषधं, १,८००". नावांची वही पाळक आणि मंडळीचे एक वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ सभासद), या दोघांकडेच. तपासनिसाने मागितली तर ती त्याला दाखवावी, इतर कुणाला नाही. रोख देण्याऐवजी औषधाच्या दुकानात किंवा शाळेत थेट भरणा केला तर पावती आपोआप मिळते. पण विधवेला महिन्याचा किराणा द्यायचा असेल तर रोखच द्यावी. काय शिजवायचं ते तिला ठरवू द्यावं आणि वहीत तिची सही घ्यावी. सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी मंडळीच्या वडिलांची सही.