सेकंडवर उतरायचा घाट

रविवारी संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटातून मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्या बघा. अमृतांजन पूल होता तिथपासून खाली खोपोलीपर्यंत पुढच्या गाडीचे लाल दिवे लागलेलेच दिसतात. काच खाली केली की जळका वास येतो. तो ब्रेक पॅडचा. गाडी चार महिन्यांपूर्वी शोरूममधून निघालेली असते, सहा एअरबॅगची असते, आणि घाट टॉप गिअरमध्ये, निव्वळ ब्रेकवर उतरत असते.

प्रीमियर पद्मिनीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या फियाटच्या, आणि जुन्या अँबेसिडरच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. माणसं आणि सामान भरलेली फियाट नुसत्या ब्रेकवर खंडाळा उतरूच शकत नव्हती. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच स्टिअरिंगखालचा दांडा ओढून सेकंड टाकला जायचा. ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर तो उतरायचा, हे वाक्य प्रत्येक ड्रायव्हरने कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेलं असायचं. जुने ड्रायव्हर जात्याच सभ्य होते असं मी म्हणणार नाही. पट्टे नव्हते, दिवे मिणमिणते होते, आणि ठोकणारे तेव्हाही ठोकतच होते. पण गाडी दुबळी होती, आणि तिच्या दुबळेपणाने काही सवयी लावल्या होत्या. आताच्या गाडीने ती सक्ती काढून घेतली. सवयींची गरज मात्र तशीच राहिली, कारण घाटाची उंची तेवढीच आहे.

ही उंची म्हणजे काय ते एकदा आकड्यात बघू. लोणावळा ते खोपोली हा उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा. पाच माणसांसकट साधी हॅचबॅक 1,200 किलोच्या आसपास भरते. एवढं वजन तेवढं खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर वीस लिटरच्या बादलीतलं गार पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. इंजिनावर गाडी धरली तर तिचा मोठा वाटा इंजिनाच्या आत हवा दाबण्यात आणि घर्षणात संपतो. वाऱ्याचा विरोधही थोडा हातभार लावतो. धरली नाही, तर उरलेल्यातलं बहुतेक सगळं पुढच्या चाकांमधल्या दोन लोखंडी चकत्यांना सोसावं लागतं. एका चकतीचं वजन पाच-सहा किलो.

यातून ब्रेक दोन प्रकारे जातात, आणि दोन्ही पायाला वेगवेगळे कळतात. पहिल्यात पॅड इतका तापतो की त्यातल्या चिकट पदार्थाचा वायू व्हायला लागतो. पेडल कडकच राहतं, तुम्ही जोर लावता, पण गाडी थांबत नाही. दुसऱ्यात ब्रेक ऑइल उकळतं. तेलात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो फारशी आगाऊ सूचना देत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 3 ताजं असताना 205 अंशांना उकळतं, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत उतरते. डॉट 4 चे हे आकडे 230 आणि 155. कोकणात पावसाळे काढलेल्या गाडीचं ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं. सर्व्हिसिंगच्या बिलात इंजिन ऑइल नेहमी दिसतं, ब्रेक ऑइल क्वचित. बॉनेट उघडून बाटली बघा. नवं तेल मधाच्या रंगाचं असतं. काळ्या चहासारखं दिसत असेल तर विचार करत बसू नका.

पेडल मऊ लागलं तर भराभर चार-पाच वेळा पंप करा, एकेक करत गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. बटण दाबून धरा, म्हणजे तो अडकणार नाही. गाडी थांबली की पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. अर्धा तास थांबा, नुसतं थांबा.

आता योग्य पद्धत. जुन्या रस्त्यावर, जिथे हेअरपिन वळणं आहेत, तिथे सेकंड. एक्स्प्रेसवेच्या घाटात तिसरा बहुतेक गाड्यांना पुरतो. वेग वाढलाच तर ब्रेक ठामपणे दाबा, पन्नासवरून पस्तीसवर आणा आणि पाय पूर्ण उचला. चकतीला वारा मिळाला पाहिजे. पेडलवर पाय नुसता टेकवून ठेवणं हेच ब्रेक जाळण्याचं मुख्य कारण. इंजिनाचा आवाज चढतो म्हणून पुष्कळ जण घाबरून वरचा गिअर टाकतात. 3,500 आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) इंजिन ओरडतं खरं, पण पेट्रोल गाडीची लाल रेघ, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, 6,000 च्या आसपास असते. इंजिनाला काहीही होत नाही.

न्यूट्रलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती सवय जुन्यांकडूनच आली. कार्बोरेटरच्या गाडीत उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचायचं, निदान तसं मानलं जायचं. इंजेक्शनच्या गाडीत उलट आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ पूर्ण बंद होतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला चालू राहण्यासाठी पेट्रोल लागतंच. म्हणजे ब्रेकही जाळायचे आणि पेट्रोलही. उतारावर इंजिन बंद करणं तर जिवावरचं आहे. पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांनंतर रिकामा होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली तर ते लॉकही होतं.

ऑटोमॅटिकवाल्यांना कुणी हे शिकवतच नाही. एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने चालवणारी गाडी, असेल तर दांडा एम मध्ये घ्या आणि वजा करत दुसऱ्यावर आणा. इतरांमध्ये एल, 2 किंवा एस लिहिलेलं असतं, घाटात ते वापरा. डी मध्ये ठेवलंत तर गाडी शक्य तितका वरचा गिअर शोधते. चढताना एएमटीत एक चूक सर्रास होते. ट्रॅफिक थांबलं की गाडी मागे जाऊ नये म्हणून ॲक्सिलरेटरवर धरून ठेवतात. ते हाफ क्लचच आहे, फक्त पाय तुमचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी घाटात क्लचचा वास सुटतो तो यामुळे. हँडब्रेक लावा, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच हला. इलेक्ट्रिक गाडीत रिजनरेशन, म्हणजे मोटरनेच गाडी रोखून वीज परत बॅटरीत भरणं, जास्तीत जास्तवर ठेवा. पण लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून लगेच उतरायला लागलात तर तयार होणारी वीज घ्यायला तिच्यात जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नव्वदच्या आतच चार्जर काढा.

चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम पुस्तकात पूर्वीपासून आहे. रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्याने कडेला थांबायचं. कारण सोपं आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड, उतारावरची नुसता ब्रेक सोडला की निघते. वरंध किंवा कुंभार्लीच्या घाटात एसटी वर येताना दिसली तर हेअरपिनच्या अलीकडेच थांबा. तिला वळायला दोन्ही बाजूंचा रस्ता लागतो. वळणाच्या पोटात नाक घालून उभ्या राहिलेल्या एका कारपायी मागे वीस गाड्या अडकतात, आणि तिथे रिव्हर्स घेण्याची कुणाची तयारी नसते.

खुणांच्या बाबतीत आपण खरंच मागे गेलो आहोत. इंडिकेटर नव्हते तेव्हा हात बाहेर काढला जायचा. हात आडवा, तळवा पुढे: उजवीकडे वळतोय. तळवा खाली आणि हात वरखाली: वेग कमी करतोय. कोपरातून हात उभा: थांबतोय. हात आडवा ठेवून मागून पुढे हलवला: या, ओव्हरटेक करा. प्रत्येक खुणेचा एकच अर्थ होता. आता ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला की त्याचे तीन अर्थ निघतात: मी उजवीकडे वळतोय, समोरून गाडी येतेय थांब, किंवा जा पुढे. म्हणून दुसऱ्याच्या इंडिकेटरवर विसंबून ओव्हरटेक कधीच करू नये, समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांना दिसला तरच करावा. चौकात सरळ जायचंय म्हणून चारही दिवे लावणारे तर जागोजागी आहेत. शेजारच्या वाहनाला तुमची एकच बाजू दिसते, त्याला वाटतं तुम्ही त्याच्या अंगावर वळताय. धो धो पावसात चालत्या गाडीला हे दिवे लावले की मागच्याला तुम्ही थांबलाय की चाललाय ते कळत नाही आणि लेन बदलायची खूणही देता येत नाही. पावसात हेडलाइट डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, लावा, म्हणजे मागचे लाल दिवेही लागतात. तेवढं पुरतं.

डिपर मारण्याचा, म्हणजे हेडलाइट क्षणभर चमकवण्याचा, अर्थ आपल्याकडे ‘मी येतोय, तू थांब’ असा आहे. इंग्लंडमध्ये बरेच ड्रायव्हर तोच दिवा ‘तुम्ही आधी जा’ म्हणून मारतात. तिकडून सुट्टीवर आलेली मुलं इथे भाड्याची गाडी घेतात तेव्हा त्यांना पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवा.

दिव्यांचा त्रास सगळ्यात वाढलाय, आणि त्यात अज्ञान जास्त आहे. हॅलोजन बल्बसाठी घडवलेल्या परावर्तकात बाजारातलं एलईडी किट बसवलं की प्रकाशाचा उगम मूळ तारेच्या नेमक्या जागी राहत नाही. झोत फाटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बसवणाऱ्याला भिंतीवर लख्ख दिसतं म्हणून तो खूश असतो. दुसरं, स्टिअरिंगच्या उजवीकडे 0 ते 3 आकड्यांचं एक छोटं चाक असतं. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि डिपरसुद्धा अप्परसारखा लागतो. अशा वेळी चाक 2 किंवा 3 वर फिरवायचं, म्हणजे झोत खाली येतो. गाडी विकत घेऊन पाच वर्षं झालेल्यांनीही या चाकाला हात लावलेला नसतो. आज खाली जाऊन ते शोधा.

अंतराबद्दल थोडक्यात. ताशी 100 ला गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. मेंदूला समजून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पन्नास-साठ मीटर. ओल्या रस्त्यावर हे अंतर दीडपट झालं तरी नवल नाही. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की तीन सेकंद मोजा, तोवर तुम्ही तिथे पोचता कामा नये. मधे कुणी कट मारून घुसेल. घुसू द्या, पुन्हा अंतर धरा.

आता आपल्या, म्हणजे पंचावन्न-साठीच्या, वयाच्या लोकांबद्दल, कारण तरुणांना बोलून आपलं भागत नाही. उजव्या लेनमध्ये ताशी साठने ठाम बसून राहणारे बरेचदा आपल्यातलेच असतात. आपण नियमातच चालवतोय या समजुतीने ते मागच्याला डावीकडून ओव्हरटेक करायला लावतात. उजवी लेन पुढे जाण्यापुरती, काम झालं की डावीकडे. पंचावन्न उलटल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच नूतनीकरण होतं, आणि डॉक्टरांचा फॉर्म 1ए, म्हणजे तब्येतीचा दाखला, चाळिशीनंतरच लागू झालेला असतो. तो फॉर्म नुसत्या सहीपुरता घेऊ नका. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश असतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरचा दिवा फुटून पसरतो, आणि गाडी निघून गेल्यावरही काही क्षण काहीच दिसत नाही. त्या काही क्षणांत साठच्या वेगाने पन्नास मीटर सहज निघून जातात. समोरून झोत आला की त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवा. मान पूर्ण वळत नसेल तर आरसे नीट लावून घ्या: बाहेरच्या आरशात स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसावी, बाकी सगळा रस्ता.

गाडी एकदम सोडायची गरज नाही, टप्प्याटप्प्याने सोडता येते. आधी रात्रीचा घाट सोडायचा. मग पावसाळी रात्र, मग रात्रच. कोकणात जायचं असेल तर उजाडताना निघा, कुंभार्ली किंवा आंबा घाट दहाच्या आत उतरून होतो, आणि खाली चिपळूणला किंवा साखरप्याला चहा घेऊन पुढे जाता येतं.