कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, दादा?

हळदीच्या मांडवात सामान लावत असलो की एखादं पोरगं हमखास येऊन उभं राहतं. थोडा वेळ वायरी बघतं, मग विचारतं, "दादा, डीजेला सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" त्या गडबडीत मी "नंतर सांगतो" म्हणतो आणि ते राहूनच जातं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज बसून लिहितोय.

आधी माझा उलटा प्रश्न. वाजवणार काय?

आमच्या रायगडात हळद म्हटली की कोळीगीत आलंच. त्याचा ठेका बहुतेक वेळा सहा मात्रांचा, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. डीजेची सॉफ्टवेअरं मात्र क्लबच्या संगीतावर पोसलेली. ट्रॅक्टर बर्लिनचं, सेराटो न्यूझीलंडचं. गाणं आत टाकलं की ती ठोके मोजतात आणि वेव्हफॉर्मवर, म्हणजे स्क्रीनवरच्या आवाजाच्या चित्रावर, उभ्या रेघा मारतात. ही बीटग्रिड. सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणं), लूप (एकच तुकडा फिरवत ठेवणं), बरेचसे इफेक्ट या रेघांच्या जिवावर चालतात.

आता गंमत बघा. नाचणाऱ्यांचे पाय मिनिटाला 100 ठोके धरतात आणि स्क्रीनवर आकडा येतो 150. सहा मात्रांचे तीन-तीनचे दोन गट करायचे सोडून सॉफ्टवेअर दोन-दोनचे तीन करतं. पहिल्या वर्षी मला हे कुठे माहीत! एका हळदीत 100 च्या बीटवर कोळीगीत चढवलं आणि बिनधास्त सिंक दाबलं. सॉफ्टवेअरने इमानदारीत 150 चं 100 केलं. की-लॉक चालू होतं, म्हणजे सूर जागेवर, पण शब्द च्युइंगगमसारखे ताणलेले. बायका नाचता नाचता थांबल्या. एक आजी तिथूनच ओरडली, "पोरा, लाईट गेली काय रं?"

लूपचंही तेच. 100 ची ग्रिड असेल तर चार ठोक्यांत ठेक्याची दोन आवर्तनं चपखल बसतात. 150 च्या ग्रिडवर तेच चार ठोके म्हणजे आठ मात्रा, एक आवर्तन आणि वर दोन मात्रा लटकलेल्या. लूप फिरून आला की पाऊल भलतीकडेच पडतं.

म्हणून शिकाऊ पोरांना मी 'मिक्स' नावाचं सॉफ्टवेअर लावायला सांगतो. नावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी तीन एक्स आहेत, शोधताना तसंच टाका. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं. दिसायला जरा रुक्ष. पण गाण्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाचे ठोके, दोन-तृतीयांश करायची सोय त्याच्या मेनूतच आहे, आणि आपल्याला हवी असते ती नेमकी हीच. एक क्लिक, 150 चे 100.

दुसरं दुखणं जुन्या गाण्यांचं. ढोलकीवाला, पेटीवाला, कोरस सगळे एकत्र बसून वाजवायचे, कानात ताल धरून देणारी क्लिक नाही. गाणं 104 ला सुरू होतं आणि शेवटच्या अंतऱ्याला 109 वर गेलेलं असतं. वाजवणाऱ्यांना रंग चढला की असंच होणार, त्यात चूक काही नाही. पण सारख्या अंतराच्या ताठ रेघांना हे झेपत नाही. सेराटोत मध्ये मध्ये खुणा ठोकून ग्रिड वाकवता येते. रेकॉर्डबॉक्स हे आणखी एक सॉफ्टवेअर, त्याला गाणं तपासतानाच वेग बदलता आहे असं सांगता येतं. मिक्समध्ये 'वेग स्थिर आहे असं धरा' ही टिक काढावी लागते. ट्रॅक्टरला ही अक्कल 2024 मध्ये चौथ्या आवृत्तीत आली, तोवर मी ते सोडलं होतं.

जागेवर रिमिक्स करायचा असेल तर विषयच वेगळा. तिथे गाण्याचे तुकडे जागेवर जुळवायचं सॉफ्टवेअर, एबलटन लाइव्ह. हेही बर्लिनचंच, 2001 पासूनचं. मी एका गाण्याला एक अख्खी रात्र देतो. हेडफोन लावायचे, ढोलकीची थाप जिथे खरोखर पडते तिथे वॉर्प मार्कर, म्हणजे ठोका इथे आहे अशी खूण, ठोकायचा, पुढच्या थापेवर दुसरा. मग मुखडा, कोरस, नुसती ढोलकी असे तुकडे पाडून वेगवेगळ्या चौकटींत ठेवायचे. टाइम सिग्नेचर, म्हणजे आवर्तनातल्या मात्रांचा हिशेब, सहा-आठ करायला विसरू नका. मग कुठलीही चौकट केव्हाही दाबा, ती पुढच्या आवर्तनाच्या समेवरच सुटते. पूर्ण आवृत्ती खिशाला जड आहे. लॅपटॉपला जोडायच्या बऱ्याच छोट्या मिडी कीबोर्डांबरोबर लाइट आवृत्ती फुकट मिळते. आठच ट्रॅक, पण सुरुवातीला पुष्कळ झाले.

शेजारी ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक पॅडवर ताल वाजवणारा) असेल तर त्याचा आवाज लॅपटॉपमधून फिरवू नका, थेट मिक्सरला द्या. लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून पुढे सोडतो, तो साठा म्हणजे बफर; तो 256 सॅम्पलचा ठेवला तर साधारण 6 मिलिसेकंद जातात, 1024 ला 23. त्यात ऑडिओ आत घेण्याचा आणि बाहेर सोडण्याचा वेळ मिळवा. वाजवणाऱ्याच्या हाताला ते लगेच कळतं. लाइव्हच्या अकराव्या आवृत्तीपासून बाहेरच्या वाद्याचा वेग ऐकून त्यामागे जाणारी सोय आहे. घरी छान चालते. मांडवात ताशा सुरू झाला की माझी तरी भंजाळते, मग मी बोटानेच टॅप करतो.

गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी काढणारे स्टेम्स आता व्हर्च्युअल डीजे, सेराटो, डीजे असंच नाव असलेलं (स्पेलिंग djay) म्युनिकचं ॲप, सगळ्यांत आहेत. जुन्या मोनो रेकॉर्डिंगवर गायक विहिरीतून गातोय असं वाटतं, आणि जुना लॅपटॉप धापा टाकतो. मी घरी काढून, ऐकून, बरे निघालेलेच तुकडे नेतो.

क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, मात्र माझ्याकडे मागू नका. तसल्या एका कॉपीने ऐन वरातीत माझी स्क्रीन गोठवली होती, आणि पुढची चार मिनिटं बेंजोवाल्यांनी माझी अब्रू राखली. त्यांना त्या रात्री मटणाचं जेवण घातलं, ते लायसन्सच्या निम्म्या किमतीत गेलं.