टोक बघा, मुलींनो!

आज ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नवीन आलेल्या मुलींना अवजारांची ट्रॉली लावायला शिकवलं. त्यातली एक म्हणाली, "सिस्टर, सगळ्या कात्र्याच दिसतायत, ओळखायचं कसं?" म्हटलं, टोक बघा.

आर्टरी फोर्सेप्सच्या टोकाला आडव्या खाचा असतात, रक्तवाहिनी चिमटून रक्त थांबवायला. कोकर फोर्सेप्सला पुढे दात असतात. पकड जबरदस्त, पण आतड्याला लावला तर इजाच. आतड्यासाठी बॅबकॉक, गोलसर टोकाचा आणि बिनदाताचा. (हे कोकर म्हणजे स्वित्झर्लंडचे सर्जन थिओडोर कोकर. थायरॉइडवरच्या कामासाठी त्यांना १९०९ चं नोबेल मिळालं.) नीडल होल्डरचा जबडा आखूड, आत जाळीदार खाचा, म्हणजे धरलेली सुई फिरत नाही. मेयो कात्री दणकट, मेट्झेनबॉम नाजूक ऊतींसाठी. मेट्झेनबॉमने कुणी धागा कापला की माझा जीव तुटतो, धार जाते हो तिची!

सगळ्यात जास्त वेळ मोजणीवर घालवला. सुरुवातीला मोजायचं, पोट बंद करण्याआधी मोजायचं, त्वचेचे टाके घालताना पुन्हा. मॉप (रक्त टिपायचे कापडी पॅड), सुया, अवजारं, सगळं दोघींनी मिळून आणि मोठ्याने. एक मॉप कमी भरला तर सर कितीही घाईत असोत, स्पष्ट सांगायचं, "सर, काउंट जुळत नाहीये." रक्ताने भिजलेला मॉप पोटात पटकन दिसत नाही, म्हणून त्याला क्ष-किरणात दिसणारा धागा असतो. मॉप हातात घेऊन तो धागा त्यांना दाखवला.

उद्या ऑर्थोचा, म्हणजे हाडांच्या ऑपरेशनचा सेट. ऑस्टिओटोम (हाडाची छिन्नी), बोन निबलर (हाड कुरतडायची पकड) आणि हातोडी बघून कोण घाबरतंय ते कळेलच!