माझा अनुभव: तीन आठवडे बाड फ्युसिंगमध्ये

कंबरदुखीला दोन वर्षं झाली तेव्हा म्युनिकमधल्या आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कूर घ्या." कूर म्हणजे मान्यताप्राप्त आरोग्यग्रामात तीन आठवडे राहून घ्यायचे उपचार. 2021 पासून वैद्यकीय गरज पटली तर आरोग्य विम्याला ही कूर द्यावीच लागते. मी खूश झालो आणि घाईघाईत बाड फ्युसिंग या गरम पाण्याच्या गावात खोलीही ठरवून टाकली. चूक तिथेच झाली. आधी मंजुरी घ्यायची, मग खोली.

पाच आठवड्यांनी पत्र आलं: नामंजूर. कारण काय, तर शहरातले फिजिओथेरपीचे पर्याय अजून संपलेले नाहीत म्हणे! खोली रद्द केली, त्याचे पैसे गेले ते गेलेच. हरकत घ्यायला एक महिना मिळतो. त्याला विडरश्प्रुख म्हणतात. शब्दच तोंडात भांडण केल्यासारखा वाटतो. रागाने लांबलचक पत्र लिहिलं होतं, ते डॉक्टरीणबाईंनी बाजूला ठेवलं. त्याऐवजी झालेल्या 18 फिजिओ सत्रांच्या तारखा जोडल्या आणि रात्री किती वेळा जाग येते, किती वेळ बसवतं, एवढंच दोन परिच्छेदांत लिहिलं. पोस्टाने रजिस्टर करून पाठवलं. या वेळी मंजूर झालं.

हिशेब असा: तिथल्या डॉक्टरांचा खर्च विम्याचा. मालिश, चिखलाचे लेप वगैरेंचे 10 टक्के आपले, शिवाय डॉक्टरांच्या दर चिठ्ठीमागे 10 युरो. राहण्याखाण्याला दिवसाला जास्तीत जास्त 16 युरो मिळतात, म्हणजे बाकीचं खिशातून. आणि या प्रकारच्या कूरला रजा आपलीच जाते. माझी गणपतीची रजा गेली. आई फोनवर म्हणाली, "अरे, पाण्यात बसायला तीन आठवडे?"

बाड फ्युसिंगला रेल्वे स्टेशन नाही. पोकिंगला उतरून बस धरायची. आजूबाजूला मक्याची शेतं, थोड्या अंतरावर इन नदी, पलीकडे ऑस्ट्रिया. 1938 मध्ये इथे तेल शोधायला खोदलं आणि निघालं 56 अंशांचं गंधकाचं पाणी. तेल निघालं असतं तर म्हाताऱ्यांनी गजबजलेलं हे गाव उभं राहिलंच नसतं.

पोहोचल्यावर आधी घरमालकिणीकडे नोंदणीचा फॉर्म भरायचा. कूरटाक्से, म्हणजे गावाचा रोजचा कर, भरला की कार्ड मिळतं. मग कूरआर्त्स्ट, म्हणजे स्थानिक डॉक्टर गाठायचे. उपचारांचं वेळापत्रक तेच लिहून देतात. आमचे डॉक्टर अस्सल बव्हेरियन बोलत. अर्धं कळलं, उरलेलं त्यांनी माझ्या पाठीवर बोट दाबून समजावलं.

पहिल्याच दिवशी पाण्यात उतरलो आणि वज्रेश्वरीच्या कुंडांचाच वास आला. एकदम लहान झालो. वीस मिनिटांनी बाहेर यायचं आणि अंगावर चादर घेऊन पडून राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी पस्तीस मिनिटं बसलो. उठताना भोवळ आली, शेजारच्या आजींनी दंड धरून कठड्याला टेकवलं. मग माझ्या बोटाकडे बघून त्या हसल्या. बाबांची चांदीची अंगठी कोळशासारखी काळी पडली होती.

शेवटच्या दिवशी मुक्कामाच्या दाखल्यावर घरमालकिणीचा शिक्का घेतला. तो नसेल तर ते 16 युरोही मिळत नाहीत. आता दोन तास सलग बसवतं. अंगठीचं आईला सांगितलं तर म्हणाली, "टूथपावडरने घास, निघेल." निघालं, पण खाचेतलं थोडं राहिलंच.