मडकं फुटलं

मंगळवार, रात्र

खिडकीच्या चौकटीवरचं कुंभारणीचं, म्हणजे कुंभारीण माशीचं, मातीचं मडकं आज माझ्या हातून फुटलं. उद्या रंगारी येणार म्हणून पत्र्याच्या पट्टीने खरवडायला घेतलं, तर तळ चौकटीलाच राहिला आणि घुमट तेवढा हातात आला. घुमटाच्या आत केसासारख्या धाग्याला अंडं लोंबत होतं. तळाशी हिरव्या अळ्या. मोजल्या, सात. त्यातली एक हलली.

तेव्हापासून तीच डोळ्यांसमोर आहे.

तोंड बंद होतं, म्हणजे आत कुणीतरी होतं. रिकाम्या घराला नीट गोल भोक असतं, आतली कुंभारीण कुरतडून बाहेर पडते तेव्हाचं. टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर बहुधा परजीवी माश्यांनी आतलं पिल्लू आधीच संपवलेलं असतं. भोक दिसेपर्यंत थांबावं, मग ओलं फडकं दहा मिनिटं दाबून धरावं. माती मऊ झाली की पट्टी आडवी धरून खालून सरकवायची, फारसा डागही राहत नाही. हे सगळं माहीत होतं. तरी घाई केली.

पुन्हा चिकटवून काही होणार नाही. अंडं धाग्याला टांगलेलं असतं ते वळवळणाऱ्या अळ्यांखाली चिरडू नये म्हणून, आणि तो धागा तुटला. अळ्या नांगीने बधिर केलेल्या, मारलेल्या नव्हेत. मेल्या तर सडतील, नि पिल्लाला ताजं खाणं हवं. नांगी कमी पडली तर त्या जास्त हलतात. आज हलली ती तशीच असेल.

तिला काही कळत असेल का?

कीटक-भ्रमर न्याय ऐकत मोठं झालेल्या माणसाला हा प्रश्न सोडत नाही. कुंभारीण अळीला आणून कोंडते, भोवती गुणगुणते, अळी तिचंच ध्यान करते आणि शेवटी कुंभारीण होऊन बाहेर पडते. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंमधला हा शेवटचा, पेशस्कृत्, म्हणजे हीच कुंभारीण. एकनाथांनी 1573 मध्ये काशीत त्या स्कंधावरची टीका पुरी केली आणि ही अळी मराठी घराघरांत आली. गुणगुण खरीच आहे, पण ती माती थापतानाची. लांब कमरेची, अळ्यांऐवजी कोळी भरणारी दुसरी कुंभारीण असते, तिची तर स्पष्ट ऐकू येते: पंखांच्या स्नायूंचा कंप देऊन ती ओली माती पसरवते. तोंड लिंपलं की ती निघून जाते. मंत्र द्यायला कुणी थांबत नाही.

आणि अळी कुंभारीण होत नाही. ती खाल्ली जाते.

मलाही एकदा सांगितलं होतं, नुसतं समोर बसून राहा, आपोआप तसं होशील. किती वर्षं गेली त्यात. ते असो.

मघाशी पुन्हा भागवतातला तो पेशस्कृताचा श्लोक काढून बसणं झालं. आधीच्या श्लोकात म्हटलंय, स्नेहाने, द्वेषाने किंवा भयाने, जिथे मन पूर्ण लागेल ते रूप येतं. भयाने! म्हणजे सांगणाऱ्याला कोंडलेल्या अळीची भीती दिसली होती, त्याने ती लपवली नाही. पुढे 'पूर्वरूपमसन्त्यजन्', आधीचं रूप न सोडता. इथे मात्र मडक्यातलं खरं उलटं आहे, अळीचं रूपच तेवढं उरत नाही. बाकी तिचा कण न् कण कुंभारणीत जातो. ज्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं त्यांना अळी आत जाताना दिसली, तोंड लिंपलेलं दिसलं, पुढे आतून कुंभारीण निघताना दिसली. छताचं अंडं तेवढं दिसलं नाही. ते बघायला मडकं फोडावं लागतं.

तमिळ घरांत म्हणतात, कुंभारणीने घर केलं की घरात मूल येणार. माईला आज काही सांगितलं नाही.

राग मावळलाय, श्लोकावरचाही. हललेल्या अळीचं उत्तर मात्र मिळालेलं नाही.

चौकटीवर अजून दोन मडकी आहेत. एकाचं तोंड लिंपलेलं. दुसऱ्याचा गळा उघडा आहे, लोट्याच्या काठासारखा बाहेर वळलेला, माती अजून ओली, काळसर. म्हणजे ती सकाळी येईल.

ही चौकट रंगवू नका, एवढं उद्या सांगायचं.